टाकीतल्या पाण्याने शिकवलं

नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुकान वडिलांचं. साडीवरचे परकर, ओढण्या, फेटे जुळत्या रंगात रंगवून द्यायचं काम. गिऱ्हाईक साडीचा पदर पुढे करायचं, वडील तो दारातल्या उजेडात धरून बघायचे आणि तीन डब्यांतली पूड चिमटीने उकळत्या पातेल्यात सोडायचे. पुढे मॅचिंग सेंटरवर हवा तो रंग तयार मिळू लागला आणि आमचं काम आटलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शटर बंद असताना एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "पोराची काळी जीन्स राखेसारखी दिसून राहिली. घरीच काही करता येते का?" कपडा मजबूत होता, नुसता रंग उडाला होता. अशी जीन्स पुसणं करायला काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. मी रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची, म्हणजे सुताशी रासायनिक जोड धरून पक्क्या होणाऱ्या रंगाची, पुडी आणि धुण्याचा सोडा बांधून दिला, कृती फोनवर सांगितली. तिथून हा पुड्यांचा धंदा सुरू झाला.

हा रंग उकळावा लागत नाही. अर्धा किलो सुती कपड्याला १० लिटर पाणी. काळ्यासाठी मीठ जवळपास अर्धा किलो लागतं. लोक ऐकून दचकतात, पण पाण्यातला रंग सुताकडे ढकलायचं काम मिठाचंच. अर्ध्या तासाने सोडा. खाण्याचा नाही, धुण्याचा. सोडा पडला की रंग सुताला पक्का धरतो, तसाच तो पाण्याशीही संयोग पावून वाया जातो. म्हणून उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळाभर निरोप चांगले आले. डिसेंबरात तक्रारी सुरू झाल्या. काळा मागितला तर करडा, मरून मागितला तर गुलाबी. मी पूड देणाऱ्या व्यापाऱ्याशी भांडलो. मग एका रात्री घरी दोन बादल्या मांडल्या. पूड तीच, जुन्या धोतराचे दोन तुकडे. एका बादलीत टाकीतलं गार पाणी, दुसरीत कोमट. सकाळी दोन्ही तुकडे साबणाच्या गरम पाण्यातून काढले. गार पाण्यातल्याचा रंग मोरीत वाहत राहिला, दुसऱ्याचा तिसऱ्या पाण्याला थांबला. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. आमच्या पुड्यांचं निम्मं काम ते ऊनच करत होतं, आणि श्रेय मी घेत होतो. व्यापाऱ्याची माफी मागितली, ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना नवी पुडी फुकट दिली. तेव्हापासून पुडीवर पहिली ओळ तीच छापतो: पाणी कोमट हवं, थंडीत तर हवंच.

आता पुडी देण्याआधी कपड्याचा दोरा मागतो. आतल्या शिवणीतून एक सूत काढून चिमट्यात धरून जाळायचं. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख, तर सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. त्याला आमची पुडी देत नाही. यात विक्री बुडते, बुडू दे. सुती कपड्यातही शिलाईचा धागा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो जुन्याच रंगाचा राहतो, आणि ब्लीचचा डाग रंगाखालूनही दिसतो. दोन्ही आधीच सांगतो.

परवा त्याच काकू आल्या होत्या. पोराची जीन्स दुसऱ्यांदा रंगवायची आहे म्हणाल्या. मी दोरा मागायच्या आत त्यांनी पदराच्या गाठीतून काढून समोर ठेवला.