काझाच्या थंडीत सेल्फ का रुसतो

सप्टेंबरअखेर मोटरसायकलवर मनालीहून अटल बोगदा, ग्रांफू, बातल करत कुंझुम ला (खिंड, सुमारे ४,५५० मीटर) ओलांडला आणि स्पितीतल्या लोसरला मुक्काम टाकला. रस्त्याबद्दल इतकंच सांगतो: ग्रांफू–बातल हा दगडधोंड्यांचा पट्टा आहे. तिथले नाले सकाळीच ओलांडा, दुपारी पाणी चढतं.

लोसरला पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. मित्राच्या गाडीचा सेल्फ (बटणावर इंजिन फिरवणारी मोटर) नुसता कट्-कट् करू लागला. हेडलाइट लागतोय, हॉर्न वाजतोय, मीटरवर १२.५ व्होल्ट. सेल्फ दाबला की मात्र थेट आठच्या खाली! अशा वेळी नुसत्या उभ्या व्होल्टेजवर जाऊ नका. सेल्फ फिरताना दहाच्या आसपास टिकलं तरच बॅटरीत जीव आहे. थंडीत तिचा जोर घटतो आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिनला जोर जास्त लागतो, असा दुहेरी मार. गाडीला किक नाही, मग उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीला हेही तेव्हाच जमतं, जेव्हा चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज येतो.

पुढे काझा गावात मापाची बॅटरी मिळाली नाही. मुक्कामाला गाडी उताराला लावत मनाली गाठली. तिथला दुकानदार 'सेम एएच आहे' एवढंच म्हणत राहिला. एएच (अँपिअर-अवर) म्हणजे बॅटरीतला साठा. सेल्फ फिरवायला लागतो तो सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स), म्हणजे बॅटरी उणे १८ अंशांवर ३० सेकंद किती अँपिअर देते ते. बॅटरीची दोन मॉडेलं बघा: वायटीएक्स९-बीएस ८ एएचची, सीसीए १२०च्या आसपास, वायटीझेड१०एस ८.६ एएचची, पण सीसीए १९०. दुसरीची लांबी-रुंदी तीच, उंची थोडी कमी. आपल्याकडे बऱ्याच बॅटऱ्यांवर सीसीए छापलेलाच नसतो, तेव्हा कंपनीच्या माहितीपत्रकात बघूनच दुकानात जा. प्लसचं टर्मिनल कुठल्या बाजूला आहे तेही पाहा, नाहीतर वायर पोचत नाही. उत्पादनाचा महिना विचारा. वर्षभर फळीवर पडलेली घेऊ नका. दुकानात अ‍ॅसिड भरून देत असतील तर पूर्ण चार्ज झाल्याशिवाय बसवू देऊ नका, घाई असली तरी.

नवी बसवल्यावर इंजिन रेस करून मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर ठीक. त्याहून बरेच कमी किंवा जास्त दिसले तर आधी रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) आणि वायरिंग तपासून घ्या.