पाच तारे दिले, पण आईला बरं वाटतंय का?

आरोग्याच्या मोबाइल ॲपवर इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आम्ही जे संशोधन करतो, त्यात पहिल्या दिवसापासून रुग्णांची एक समिती बसते. गेल्या आठवड्यात त्या समितीतल्या एका आजींनी आमच्या प्राध्यापकांना बोलता बोलता थांबवलं. आजी मधुमेही, बस डेपोतून निवृत्त झालेल्या. प्रश्नावलीतल्या सातव्या विधानावर बोट ठेवून म्हणाल्या, “बहुतेक लोक हे लवकर शिकतील असं मला वाटतं का? बाकीच्यांचं मी कसं सांगू? माझं विचारा ना.”

ही प्रश्नावली म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केल. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये केली. विधानं दहाच, एक बाजूने तर पुढचं विरोधात, म्हणजे डोळे झाकून सगळीकडे ‘सहमत’ करणारा लगेच सापडतो. गुण शंभरपैकी, सरासरी ६८ च्या आसपास. जगभर हीच वापरतात, त्यामुळे मनाला येईल तसं विधान बदललं की तुलनाच संपते. प्राध्यापकांनी हे सगळं आजींना शांतपणे समजावलं, आणि शेवटी त्यांच्याच शब्दांत एक मोकळा प्रश्न जोडला. बैठकीला दिलेल्या वेळेचे पैसे आणि बसभाडंही आजींना मिळालं. आजारी माणसाच्या वेळेला किंमत आहे, हे इथे कागदावर लिहिलेलं असतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे सिव्हिलच्या ओपीडीत सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या बाईला ‘केसपेपर कसा असावा’ असं कोणी विचारलंय?

आणि आमची आई. अमळनेरजवळच्या गावात असते, तिलाही साखरेचा त्रास. एका कंपनीचा मुलगा घरी येऊन तिच्या फोनमध्ये ॲप टाकून गेला आणि जाण्याआधी तिच्याकडून पाच तारे दाबून घेतले. समोर चहा पीत बसलेल्या पोराला कमी तारे कोण देईल? पुढे रोजचे आकडे पुतण्याच भरतो, कारण फोन त्याच्याकडेच असतो. तिकडे कंपनीच्या नोंदीत आई ‘नियमित वापरकर्ती’ झाली आहे. याचा मला खरंच संताप येतो. ॲप सोपं आहे का, ही एक गोष्ट आणि ते वापरून माणसाला बरं वाटतं का, ही अगदी दुसरी. पहिलीला भरभरून गुण मिळाले म्हणून दुसरी सिद्ध होत नाही.

दुसरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली आहे, १९९८ पासूनची. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५, बेरजेला चारने गुणायचं. ५० च्या खाली आलं तर नैराश्याची तपासणी करावी, असा संकेत. साधी आणि चांगली आहे. पण हीच प्रश्नावली मे महिन्यात जळगावात नेली तर? पारा पंचेचाळीसला टेकलेला, रात्री लाइट गेलेली, गच्चीवर गोधड्या टाकून सगळे कूस बदलताहेत. ‘ताजंतवानं’ला शून्यच येणार, आणि त्यात ॲपचा काय दोष? कापूस वेचणीच्या दिवसांत ‘शांत वाटलं का’ विचारलं तर बायका आधी तोंडाकडे बघतील. कधी विचारलं, हेही मोजमापात धरावं लागतं.

तरी एका बाबतीत मी इथल्यांपुढे मान खाली घालत नाही. आमची आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, ओट्यावर टेकते, ‘कसं काय शे आक्का?’ म्हणते. आई आधी ‘बठ्ठं बरं शे’ म्हणून मोकळी होते. मग गुडघा, सुनेशी झालेली बोलाचाली, न झालेली झोप, सगळं निघतं. इथल्या प्रश्नावलीला तिथवर पोचायला किती पानं लागतील! फक्त ताईने ऐकलेलं कुठेच मोजलं जात नाही. तिच्या मोबाइलमध्ये भरायला रकाने आहेत ते गरोदर बायांचे, लसीकरणाचे.

‘एवढं कळतं तर इकडे ये ना’, असं मामा प्रत्येक फोनवर म्हणतात. मामा, प्रश्न विचारायची रीत मी इथेच शिकतेय आणि ती शिकायला वेळ लागतो. आईची काळजी मला तुमच्याइतकीच आहे.

प्राध्यापकांनी परवा विचारलं, हे काम तुझ्या भागात करता येईल का? मी तीन अटी सांगितल्या. विधानं अहिराणीत आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी बोलीत आधी तिथल्या बायांसमोर वाचून बघायची. उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं, कंपनीचा माणूस घरात नको. आणि आशाताईला या कामाचा मोबदला वेगळा, तोही वेळेवर. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या, तिसरीसाठी पैसे कुठून आणायचे यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलंय.