भरतीला डोळे नसतात

गोव्यातील दिवाडी बेटावर आमच्या वाट्याचे थोडे खाजन, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली जमीन, आहे. लहानपणी वडिलांबरोबर बांधावरून फिरताना मी दोन प्रकारचे धोके पाहिले होते, पण त्यांतला फरक मला पुष्कळ वर्षांनी, फोंड्यातील एका पतसंस्थेचे संगणक सांभाळू लागल्यावर उमगला. भरती ठरल्या वेळी येते. खेकड्याने बांधाला कुठे भोक पाडले आहे हे तिला ठाऊक नसते. रात्री मानशीवर, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारावर, मासे चोरायला येणारा माणूस मात्र आमची बॅटरी कोणत्या बाजूला गेली हे आधी पाहतो आणि मग दुसरीकडे वळतो.

संस्थेत दोन सर्व्हर आहेत, एक खातेदारांच्या नोंदींचा आणि दुसरा संकेतस्थळाचा. लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी येऊन काय करून गेले याची आपोआप होणारी टिपणे, बारकाईने वाचणारा मी एकटा असल्याने एका रात्री एकच सर्व्हर तपासून होत असे, आणि संकेतस्थळासाठी मी शुक्रवार ठरवून टाकला होता. एका शुक्रवारी रात्री नोंदींच्या सर्व्हरवर कोणीतरी शिरले. मागाहून कळले की तो माणूस संकेतस्थळाच्या सर्व्हरवर आधीपासून बसून होता आणि माझ्या लॉगिनच्या वेळा तिथून पाहत होता. पैसे गेले नाहीत, पण लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती उघडी पडली, आणि ते मला आजही सलते.

त्यानंतर मी गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याचे गणित, मन लावून वाचली. समजा, नोंदी गेल्या तर नुकसान 4 आणि संकेतस्थळ गेले तर 1, आणि ज्या सर्व्हरवर लक्ष आहे तिथे हल्ला फसतो. रोज नोंदीच तपासल्या तर हल्लेखोर संकेतस्थळावर जाईल, म्हणजे नुकसान 1. दोन्हींना निम्मे निम्मे लक्ष दिले तर तो नोंदींवर येईल आणि सरासरी नुकसान 2 होईल. पण 80 टक्के रात्री नोंदी आणि 20 टक्के रात्री संकेतस्थळ अशी वाटणी केली, तर त्याने कुठेही हल्ला केला तरी सरासरी नुकसान 0.8 येते, आणि याहून कमी करणे शक्य नाही. अट एवढीच की आजची रात्र कोणाची, हे नशिबावर सोडले पाहिजे. माझ्याही वेळापत्रकात कामाच्या पाच रात्रींत एक संकेतस्थळाची होती. प्रमाण बरोबर होते, पण वार ठरलेला होता, आणि त्या एका चुकीमुळे शुक्रवारचे नुकसान पूर्ण 4 झाले.

ठरावीक प्रमाणात नशिबावर सोडलेली अशी संमिश्र चाल, एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा फायदा असलेल्या आणि मोजक्या चालींच्या दोन खेळाडूंच्या खेळात नेहमी सापडते, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये सिद्ध केले. रक्षक आधी चाल ठरवतो आणि दुसरा ती पाहून खेळतो, या मांडणीला अर्थशास्त्रज्ञ श्टाकेलबर्ग यांचे नाव आहे. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावरील नाकेबंदी आणि श्वानपथकांच्या फेऱ्या याच पद्धतीने ठरवून दाखवल्या. पोलिसांचा पहारा आणि माझी लॉगतपासणी यांत गणिताच्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

पासवर्डांच्या बाबतीत संगणकशास्त्रज्ञ रिव्हेस्ट आणि इतरांनी मांडलेला फ्लिपइट हा, एकाच यंत्राचा ताबा आलटून पालटून घेण्याचा खेळ मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात ताबा कोणाकडे आहे हे चाल केल्याशिवाय कोणालाच कळत नाही. दर महिन्याच्या 1 तारखेला पासवर्ड बदलणाऱ्याची वेळ एकदा हल्लेखोराने ओळखली की तो 2 तारखेला पुन्हा ताबा घेतो आणि जवळजवळ पूर्ण महिना आत राहतो. बदलाची वेळ अनिश्चित ठेवली तर त्याला ही सोय मिळत नाही.

आकडे आपणच ठरवायचे असतात, ही या रीतीतील खरी अडचण आहे. 4 आणि 1 ठरवताना संचालकांशी दोन बैठका झाल्या, आणि मला वाटते की खातेदारांचा विश्वास 4 मध्ये पुरेसा मोजला गेलेला नाही. तो आकडा वाढवला तर वाटणीही बदलेल. तोवर रोज संध्याकाळी कार्यालय बंद करताना मी चार नोंदींच्या आणि एक संकेतस्थळाची अशा पाच चिठ्ठ्यांच्या डब्यातून एक काढतो, तिच्यावरील सर्व्हर त्या रात्री तपासतो आणि चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकतो. तपासणीही आता वेगळ्या, बाहेर न दिसणाऱ्या यंत्रावर उतरवलेल्या लॉगवरून करतो. काल सलग दुसऱ्यांदा संकेतस्थळाची चिठ्ठी निघाली. ती बदलण्याचा मोह झाला, पण मी बदलली नाही.