कॅम्पसचा पेपर आणि रिसर्च मेथड्सचा तास

मास कॉमच्या बऱ्याच मुलांना वाटतं की कॉलेजचा पेपर काढणं हे खरं काम आणि रिसर्च मेथड्स म्हणजे मार्कांपुरती कटकट, मला हे अजिबात पटत नाही. मॅक्कॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकन संशोधकांचा चॅपेल हिल या अमेरिकेतल्या गावातला अभ्यास घ्या ना. १९६८ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक, मत कुणाला द्यायचं हे न ठरलेले फक्त १०० मतदार, त्यांना विचारलं की महत्त्वाचे मुद्दे कोणते, आणि दुसरीकडे त्याच काळातल्या पेपर, मासिकं, टीव्हीच्या बातम्या मोजल्या. दोन्हीकडचा क्रम जवळपास जुळला! १९७२ ला ते छापून आलं आणि अजेंडा सेटिंग थिअरी उभी राहिली, म्हणजे माध्यमं ज्या मुद्द्यांना महत्त्व देतात तेच लोकांनाही महत्त्वाचे वाटू लागतात.

आता हेच आपल्या कॅम्पसच्या पेपरवर करून बघा. एका सेमिस्टरचे सगळे अंक काढा, प्रत्येक बातमीत कोण बोललंय ते नोंदवा, प्राचार्य, प्राध्यापक, विद्यार्थी, सफाई कर्मचारी. हे कोडिंग, म्हणजे ठरलेल्या गटांत नोंद करणं, दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांना न विचारता, मग कोहेनचा कप्पा (Cohen's kappa), म्हणजे दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायचा (नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका, योगायोगाने जुळलेलंही तिच्यात धरलं जातं). जिथे जुळत नाही तिथेच खरं शिकायला मिळतं. प्रेस नोट जशीच्या तशी छापली तर त्यात सोर्स किती धरायचे, यावर तासभर वाद होतो, आणि तो वाद घातलेला रिपोर्टर पुढच्या वेळी प्रेस नोट आली की आधी हॉस्टेलवर जाऊन मुलांना विचारतो.