शेणामातीचा डोंगर

आज होगेबाइंटमला जाऊन आले. नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंडमध्ये. सगळीकडे सपाट कुरणं आणि मधेच जवळजवळ ९ मीटर उंचीचं टेकाड, वर चर्च. हे टेकाड माणसांनी रचलेलं! इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास या किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत लोक राहायला आले. बांध नव्हते, उधाणाचं पाणी थेट दारात. मग चिकणमाती, शेण, घरातला केर असे थरावर थर टाकत जागाच उंच केली. प्यायला खड्ड्यात साठवलेलं पावसाचं पाणी, जळणाला वाळवलेला चिखल. रोमन लेखक प्लिनीला अशा लोकांची कीव आली होती. मला नाही बुवा. गुरांना इतकं गवत दुसरीकडे कुठे मिळालं असतं? पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच कसदार माती खणून शेतांसाठी विकली. चर्चखालचा भाग तेवढा वाचला.