तुम्ही विचारलंत म्हणून: किटलीला बोल्ट काऊन?

कुणीही माझी किटली हातात घेतली की पहिला प्रश्न हाच, मातीची किटली अशी कारखान्यातल्या टाकीसारखी काऊन बनवता, छान फुलंपानं काढा ना!

तर सांगतो. लहानपणी आमच्या गच्चीवरून नागपूरजवळच्या कोराडी पॉवर हाऊसचे कूलिंग टॉवर दिसायचे, खाली रुंद, कंबर बारीक, वर परत थोडे उघडलेले. पुढे कुंभाराच्या चाकावर बसलो, मातीचा सिलिंडर वर ओढला आणि दोन्ही हातांनी मधोमध आवळला तर तोच टॉवर समोर उभा! तेव्हापासून हे आकार सुटलेच नाहीत.

आणि किटली म्हणजे प्लंबिंगच आहे हो. तोटीचं टोक काठाच्या खाली गेलं तर भरतानाच चहा बाहेर, झाकणाला बारीक भोक नसेल तर हवा आत जात नाही आणि धार गचके देत पडते, ओठाची कड धारदार नसेल तर शेवटचा थेंब तोटीवरून ओघळत थेट टेबलावर. नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे म्युझियममधे वाफेच्या इंजिनाचा डोम, म्हणजे घुमटासारखा उंचवटा, बघा, बॉयलरच्या डोक्यावर असतो कारण वाफ सगळ्यात वरून घेतली की सोबत पाणी येत नाही. प्रत्येक उंचवट्याला काम आहे, मला ते फार सुंदर वाटतं. माझी झाकणं त्या डोमवरूनच आलीत. जर्मनीत बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेतल्या थिओडोर बोगलरनं १९२३ मधे साच्यातले तेच सुटे भाग वेगवेगळे जोडून टीपॉट केले होते, मशीनच्या पार्टसारखे.

त्रास आहेच. नागपूरचा मे महिना, तोटी पातळ म्हणून आधी सुकते, पोट ओलंच, मग जोडावर तडा. म्हणून दोन्हीकडे काट्यानं ओरखडे, मधे पातळ माती, वरून ओलं गोणपाट आणि प्लास्टिक, दोन दिवस हात लावायचा नाही. शिवाय चाकावर ओढलेली तोटी भट्टीत पीळ सोडते, टोक फिरतं, त्यामुळे मी ते आधीच तिरपं कापतो.

बोल्टचं म्हणाल तर शेजारचे काका हिंगणा एमआयडीसीत फिटर होते. तोटीच्या बुडाशी मी फ्लॅंज, म्हणजे पाइप जोडायला असते तशी बोल्टची चकती, केली होती, सहा बोल्टची. त्यांनी चष्मा पुसला, किटली फिरवून बघितली न म्हणाले, "बाबू, फ्लॅंजला बोल्ट चारच्या पटीत असतात, चार नाहीतर आठ."

आता आठ लावतो.