डोळ्यात टिपूस नव्हता म्हणून

आरुषी तलवारच्या खुनाचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणून विचारतात, "तुम्ही तेव्हा पेपरात होतात ना? मग खरं सांगा, आईबापांनीच मारलं ना?"

मला माहीत नाही. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीला डेस्कवर होतो, नोएडा कधी पाहिलंही नाही. आलेल्या बातमीचं मराठी करायचं आणि मथळा द्यायचा, एवढाच माझा संबंध.

१६ मे २००८ ला नोएडातल्या जलवायू विहारमधल्या राहत्या फ्लॅटमध्ये आरुषी, चौदाही पूर्ण न झालेली मुलगी, मेलेली सापडली. त्या दिवशी खुनी ठरला तो घरातला नोकर हेमराज. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्याचंही प्रेत मिळालं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, ते पहिल्या दिवशी कुणी तोडलंच नाही. खाली फ्लॅटमध्ये मात्र पत्रकार-शेजाऱ्यांची ये-जा चालू होती. माझ्या मते केस तिथेच हातची गेली.

मग २३ मेला वडिलांना, डॉ. राजेश तलवार यांना अटक. पत्रकार परिषदेत पोलीस महानिरीक्षक मुलीला श्रुती म्हणत होते. नाव धड माहीत नाही, पण तिच्या वागण्याबद्दल अगदी ठाम.

आई नूपुर, माहेरची चिटणीस. हे कळलं आणि आमच्याकडचं कुतूहल दुप्पट झालं. टीव्हीवर तिची मुलाखत लागली तेव्हा आमच्या मुद्रितशोधक बाई म्हणाल्या, "बघा, डोळ्यात टिपूस नाही." मीही मान डोलावली. त्या रात्री मथळा दिला: 'आईला माहीत होतं?' प्रश्नचिन्ह लावलं की अंगाशी येत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी सोय.

खरं तर मला कळायला हवं होतं. मी अकरा वर्षांचा असताना मावशीचा मुलगा विहिरीत बुडाला. तेराव्यापर्यंत मावशी रडली नाही. येईल त्याला चहा विचारायची, कुणाला बिनसाखरेचा लागतो तेही लक्षात ठेवून. ओटीवर बायका कुजबुजायच्या, "दगडाची आहे हो." मी तिथेच कपबशा उचलत होतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयनं पुरेसा पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद करायचा अहवाल दिला. पुढच्याच महिन्यात गाझियाबादच्या कोर्टाच्या आवारात एका परक्या माणसानं राजेश तलवारांच्या तोंडावर कोयत्यानं वार केले. न्यायालयानं तो अहवाल नाकारून आईबापांवर खटला चालवला, नोव्हेंबर २०१३ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. पण लोक 'सुटले' म्हणतात. निर्दोष म्हणताना मी फार कुणाला ऐकलेलं नाही.

हेमराजबद्दल मात्र मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. त्याच्या बायकोचं अपील सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दाखल करून घेतलं. आमच्याकडे ती बातमी आतल्या पानावर तीन ओळींत गेली. आयत्या वेळी जाहिरात आली, म्हणून बाकीची मीच कापली होती.